गरज असल्यासच घ्यावे

महाराष्ट्रात पुतण्याने एखाद्या गोष्टीत पुढाकार घेतला की काकांनी सावध व्हायचं असतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आमच्या डोंबिवलीच्या मावशीचे यजमान तसे सावधच गृहस्थ. गॅसचा सिलिंडर वजन करून घेणारे, वाण्याच्या बिलाची बेरीज दुकानातच उभं राहून पुन्हा करणारे. पण पुतण्या त्यांच्याकडे आलाच नाही. तो थेट स्वयंपाकघरात शिरला, डब्यातली चिमूटभर भाजणी तोंडात टाकली आणि म्हणाला, "काकू, तुझा ऑनलाइन प्रेझेन्स झीरो आहे."

"अरे, मी घरातच असते की," मावशी म्हणाली.

मावशी गेली कित्येक वर्षं मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि दिवाळीत जमेल तेवढं फराळाचं करून विकते. 'विकते' म्हणणंसुद्धा जरा धाडसाचंच. ती करून ठेवते, माणसं येऊन घेऊन जातात. तिचं सगळं मार्केटिंग हळदीकुंकू, भिशी आणि सकाळच्या लोकलचा लेडीज डबा या तीन संस्थांमार्फत चालायचं. एकीने डब्यात पुडी उघडली की कुर्ल्यापर्यंत वास आणि सीएसएमटीपर्यंत चार ऑर्डरी. खर्च काही नाही. पुतण्याच्या मते हे सगळं 'ऑर्गॅनिक' होतं आणि ऑर्गॅनिकवर धंदा वाढत नाही. ऑर्गॅनिक म्हणून दुप्पट भावाने गूळ आणणाऱ्या मावशीला यातला दोष काही कळला नाही.

पुतण्याने नुकताच डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला होता. या कोर्सची जाहिरात तुम्हीही पाहिली असेल, कारण ती न पाहता मोबाइल वापरता येत नाही. एक तरुण भल्या मोठ्या गाडीला टेकून उभा असतो. गाडी कुणाची ते तो सांगत नाही. आपणही एकेकाळी तुमच्यासारखेच पगारावर जगणारे होतो, एवढं मात्र तो अतिशय कणवेने सांगतो. मग ४,९९९ रुपयांचा वेबिनार फक्त ९९ रुपयांत, जागा तीनच शिल्लक, आणि खाली एक घड्याळ उलटं पळत असतं. पान बंद करून पुन्हा उघडलं की घड्याळ परत पंधरा मिनिटांपासून निघतं आणि जागा तीनच असतात. ९९ रुपये भरून दोन तास बसल्यावर ज्ञान होतं ते असं, की खरा कोर्स पंचवीस हजारांचा आहे. इंटरनेटवर विकायला निघालेल्या माणसाचा पहिला व्यवहार नेहमी खरेदीचाच असतो.

सगळेच कोर्स फसवे असतात असं मी म्हणणार नाही. पुतण्याला त्यातून पुष्कळ काही आलं. शिवाय गूगल आणि मेटा या दोघांचेही प्राथमिक धडे फुकट मिळतात. पण फुकटचं शिक्षण आपल्याकडे कुणी पुरं करत नाही. पंचवीस हजार भरले की निदान वडिलांच्या धाकाने तरी शेवटचा धडा गाठला जातो.

तर पुतण्याने वही उघडली. "पहिला प्रश्न. तुझा ग्राहक कोण?"

"ज्याला भूक लागते तो."

"असं नाही चालत, काकू. वयोगट सांग. पंचवीस ते चौतीस? पस्तीस ते चव्वेचाळीस?"

"दात यायच्या आधीपासून दात पडून गेल्यावरपर्यंत."

मावशी विनोद करत नव्हती. मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट हे बाळाच्या पहिल्या घासांपैकी एक आणि तापातून उठलेल्याचा पहिला घास. मधली चाळीस वर्षं माणूस बिर्याणी खातो आणि मेतकुटाला विसरतो. पुढे डॉक्टर आठवण करून देतात. पण फेसबुकवर जाहिरात देताना वयाची जी पट्टी सरकवावी लागते ती ६५ पाशी संपते. त्यापुढचे सगळे '६५ +' या एकाच डब्यात कोंबलेले असतात. हे पाहून मावशी दुखावली. "पासष्टच्या पुढे तर खरे प्रकार सुरू होतात," ती म्हणाली. "कवळीवाले वेगळे, साखरवाले वेगळे, सुनेकडे राहणारे वेगळे."

पुतण्याने ते मनावर घेतलं नाही. या शास्त्रात गिऱ्हाईक प्रत्यक्ष भेटण्याआधी कल्पनेत भेटावं लागतं. त्याला वय, नोकरी, पगार, आवडीनिवडी सगळं द्यावं लागतं. त्याने वाचून दाखवलं, "मुलगी, वय ३२, आयटीत नोकरी, हिंजवडीला फ्लॅट, योगा करते, घरच्या जेवणाची आठवण काढते, महिन्याचा पगार लाखाच्या वर."

"लग्न झालंय का तिचं?" मावशीने विचारलं. पुतण्याचं व्हायचं होतं.

पुढे नावाचा प्रश्न आला. 'आजीचं', 'आईच्या हातचं', 'घरची चव', 'माहेरचा डबा' ही सगळी नावं कुणी ना कुणी आधीच घेऊन टाकलेली. महाराष्ट्रातल्या यच्चयावत आज्या डॉट कॉमवर जाऊन बसलेल्या होत्या. शेवटी एक बरं नाव मिळालं, तर त्याचं इंग्रजी स्पेलिंग कसं करायचं यावर घरात दोन तट पडले. मेतकुटात 'यू' एक की 'ओ' दोन? 'टी' नुसता की 'एच' लावून? काकांनी पेन्शनरी शांतपणे सांगितलं की जे बरोबर आहे ते लिहा. पुतण्या म्हणाला, "बरोबर काय आहे याला किंमत नाही, काका. लोक काय टाइप करतात याला आहे." काकांनी चष्मा काढून ठेवला. बोर्डाच्या परीक्षेचे पेपर तपासण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाला हे ऐकावं लागलं.

पण पोरगा खरं बोलत होता. गूगलचं एक साधन आहे, त्यात शब्द टाकला की महिन्याला साधारण किती लोक तो शोधतात याचा अंदाज मिळतो. त्यावर बराच वेळ घालवल्यावर पुतण्याच्या ध्यानात आलं, की मेतकूट शोधणाऱ्या बहुतेकांना ते विकत नकोच असतं. ते कसं करतात हे हवं असतं. त्याने हे निराश होऊन सांगितलं. मावशीने ते ऐकून घेतलं आणि काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

फोटोंचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. मेतकूट ही दिसायला अत्यंत विनम्र वस्तू आहे. पिझ्झ्याचं चीज ताणलं की लांबतं, गुलाबजामातून पाक ओघळतो. मेतकूट नुसतं बसून राहतं. पुतण्याने ते उंचावरून भातावर पडताना चित्रित करायचं ठरवलं, कोर्समध्ये त्याला 'मोशन' म्हणतात. नेमका काकांनी पंखा लावला. त्या दिवसापासून पुतण्याच्या फोनच्या स्पीकरमधून बोलणाऱ्याला थोडा हिंगाचा वास येतो असा आमचा संशय आहे. पुढे केळीचं पान, पितळी वाटी, समोर गोल दिवा असा जामानिमा झाला. फोटो पाहून बिल्डिंगमधल्या एकीने विचारलं, कुणाचं श्राद्ध होतं का?

मग व्हॉट्सअॅप. धंदेवाल्यांसाठीचं वेगळं व्हॉट्सअॅप जानेवारी २०१८ मध्ये आलं. त्याच्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं आणि डेटा इतका स्वस्त झाला होता, की मावशीच्या भिशीतल्या बायका फोन करण्याऐवजी आपापल्या घरातून फोनवर गणपतीचे फोटो पाठवू लागल्या होत्या. म्हणजे गिऱ्हाईक आधीच येऊन बसलं होतं. पुतण्याने मावशीचा नंबर धंद्याच्या व्हॉट्सअॅपवर चढवला, कॅटलॉग लावला आणि कुणी मेसेज केला की आपोआप उत्तर जाईल अशी व्यवस्था केली. पहिला मेसेज आला तो खालून, काकांचा: "किल्ली विसरलो. दार उघड." त्यांना तत्काळ उत्तर गेलं: "नमस्कार! आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी बोलतील." एवढ्या वर्षांच्या संसारात मावशीने त्यांच्या बोलण्याला असं अदबीने उत्तर दिल्याचं त्यांना आठवेना. ते बराच वेळ जिन्यात उभे राहून तो मेसेज वाचत होते.

एकाच वेळी अनेकांना मेसेज पाठवायची सोयही त्यात असते, एका यादीत २५६ जणांपर्यंत. पुतण्याने काकांच्या जुन्या डायरीतून, लग्नपत्रिकांच्या यादीतून आणि सोसायटीच्या रजिस्टरातून नंबर जमवून यादी भरली आणि मेसेज सोडला. उत्तरं आली ती फार थोड्यांची. नंतर उलगडा झाला, की ज्याने आपल्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला असतो त्यालाच तो मेसेज पोचतो. आपल्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत म्हणजे आपला नंबर सगळ्यांकडे असेल, ही समजूत व्हॉट्सअॅप एका फटक्यात उतरवतं. काकांच्या सख्ख्या चुलतभावाला मेसेज पोचला नाही, हे घरात कळलं. त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही.

खरी अडचण जाहिरातीचा मजकूर लिहिताना आली. पुतण्या म्हणाला, शेवटी आज्ञा हवी. 'आत्ताच मागवा', 'आजच ऑर्डर करा' असं काहीतरी. मावशी म्हणाली, "लोकांना असं 'करा' म्हणायचं? बरं दिसत नाही." मग तिने स्वतः मजकूर लिहून दिला. तो असा होता: "आमच्याकडे घरी केलेले मेतकूट मिळते. बरे असते. गरज असल्यासच घ्यावे."

पुतण्याने ते वाचलं आणि पंख्याकडे बघत बसला. मी मात्र मावशीकडे बघत होतो. ही तीच बाई, जिच्या घरी जेवायला बसलेला माणूस स्वतःच्या पायाने उठल्याचं मी पाहिलेलं नाही. पानावर आडवा हात धरलात तर ती बोटांच्या फटीतून जिलबी सोडते. इंटरनेट मार्केटिंगवाले ज्याचे पंचवीस हजार घेतात तो सगळा अभ्यासक्रम तिच्या एका पंगतीत उरकतो. पहिल्या वाढपाला नको म्हटलेलं ती विसरत नाही. दहा मिनिटांनी तेच पातेलं घेऊन ती पुन्हा तुमच्यासमोर उभी राहते. "आता शेवटचीच उरलीय" असं ती म्हणते आणि आत परात भरलेली असते. "तुमच्यासाठी म्हणून कमी तिखटाची वेगळी काढून ठेवली होती," हे ती निदान सहा जणांना सांगते. आणि अगदीच कुणी बधलं नाही, तर शेजारच्या पानाकडे बोट: "वन्संनी बघा चार घेतल्या." एवढा आग्रह तिला येतो. अट एकच, त्यात पैसे नकोत. वस्तूवर किंमत चिकटली की हीच बाई दाराआड जाऊन उभी राहते आणि आतून म्हणते, गरज असल्यासच घ्यावे.

मराठी माणसाला हे जमतच नाही असं म्हणायचीही सोय नाही, कारण दादासाहेब फाळके होऊन गेले आहेत. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला हे आपण शाळेत शिकतो. तो पुढे सुरतेला गेला तेव्हा प्रेक्षक फिरकेनात, हे शिकवत नाहीत. तिथल्या लोकांचं म्हणणं सरळ होतं: दोन आण्यांत नाटकवाले तासन् तास रंगवतात, तुमचं दीड तासात संपतं आणि वर तुम्ही तीन आणे मागता. फाळक्यांनी चित्रपट लांबवला नाही की तिकीट उतरवलं नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत! सुरतेच्या माणसाला मापात बोललेलं समजतं. गर्दी झाली. त्र्यंबकेश्वरच्या भिक्षुकी परंपरेतला माणूस मैलाच्या मापाने सत्यवादी राजा विकतो. आजच्या कोर्सवाल्यांनी त्यांची तसबीर लावायला हवी.

तारखांचीही एक गंमत आहे. बरोबर ६५ वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या एका विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक बघायला या असं आमंत्रण त्या वेळच्या आर्पानेटवरच्या जवळपास चारशे जणांना एकाच झटक्यात पाठवून दिलं. कुणी मागितलेलं नसताना. जगातला पहिला स्पॅम मेल म्हणून तो ओळखला जातो. नेटवर्क सरकारी कामासाठी होतं; लोक खवळले, वरून कानउघाडणी झाली. पण यंत्रंही खपली, असं तो पुढे अभिमानाने सांगत असे. म्हणजे निर्लज्जपणाला फळ येतं हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं आणि तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्सचं मातेरं झालं. हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "चारशे जणांना बोलावलं तर निदान चहाचं काय ठरवलं होतं त्याने?"

अखेर तडजोडीचा मजकूर ठरला आणि फेसबुकवर पैसे भरून जाहिरात सोडली. तिथे आधी विचारतात, तुम्हाला हवंय काय? सहा पर्याय असतात: ओळख, वेबसाइटवर वर्दळ, प्रतिसाद, चौकशा, अॅप, विक्री. नवशिका इथेच घसरतो. पुतण्याने 'प्रतिसाद' निवडला, कारण तो स्वस्त पडतो आणि आकडा लवकर फुगतो. हे यंत्र अतिशय आज्ञाधारक आहे. ते हजारो माणसांतून नेमकी अशी माणसं शोधून काढतं, ज्यांना अंगठा दाखवण्यापलीकडे आयुष्यात काही करायचं नसतं. दोन दिवसांत अंगठ्यांचा पाऊस पडला. "खूप छान ताई", "जय महाराष्ट्र", "माझ्या पेजलाही भेट द्या", आणि एकाने नुसतेच बारा गुलाब. मेतकूट एका माणसानेही मागवलं नाही. यंत्राचा यात काडीचा दोष नव्हता. लाइक मागितले होते, त्याने लाइक दिले.

त्याच सुमारास काकांच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. "फेसबुकला पैसे कसले दिले?" त्यांनी विचारलं. "ते तर फुकट असतं ना?" पुतण्याने समजावलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पावती मागितली. पावतीवर १८ टक्के जीएसटी होता. "म्हणजे बारा गुलाबांवर सरकारलाही पैसे गेले," असं म्हणून त्यांनी ती रक्कम डायरीत 'किरकोळ' या सदराखाली मांडली.

मग पुतण्याने 'विक्री' निवडलं. तिथे नवीनच माहिती कळली. आठवड्याला साधारण पन्नास ऑर्डरी मिळाल्या, की कोण घेतं आणि कोण घेत नाही हे त्या यंत्राला उमगतं. तोवर ते शिकत असतं. मावशीला हे पटेना. "म्हणजे आधीची पन्नास गिऱ्हाइकं मी आणायची, ती बघून ते शिकणार, आणि पैसेही मीच भरायचे? मग मास्तर कोण?" या प्रश्नाचं उत्तर पंचवीस हजारांच्या कोर्समध्ये नव्हतं.

रीलही केली. ती खूप चालली, म्हणजे पाहिली खूप गेली. पण यंत्राने ती का कोण जाणे उत्तर भारतात नेली, आणि पिवळी पावडर बघून तिकडच्या मुलींनी विचारायला सुरुवात केली की हे चेहऱ्याला किती वेळ लावून ठेवायचं. मावशी कुणाला अनुत्तरित ठेवत नाही. तिने प्रत्येकीला आपल्या हिंदीत कळवलं की लावायला हरकत नाही, पण आत हिंग आहे; लग्नाच्या आधी लावू नये.

या 'उत्तर देण्या'नेच सगळं फिरलं. जाहिरातीखालच्या बटणावर चुकून बोट लागलं तरी समोरच्याकडून आपोआप "अधिक माहिती मिळेल का?" असा मेसेज येतो. अनुभवी लोक अशांना दर आणि लिंक पाठवून मोकळे होतात. मावशीला वाटलं, लोक खरोखरच माहिती विचारतायत. तिने फोनवर बोलून बोलून अख्खी कृती पाठवायला सुरुवात केली. हरभऱ्याची डाळ किती, उडदाची किती, तांदूळ, गहू, मेथ्या, जिरं, धने. काय कोरडं भाजायचं, कशाचा रंग कुठवर येऊ द्यायचा, मेथ्या एक क्षण जास्त राहिल्या की सगळं कडू कसं होतं. एका बाईला तर तिने गिरणीवर दळायचं असेल तर आधी गिरणीवाल्याला काय विचारायचं हेही सांगितलं. पुतण्याने डोक्याला हात लावला. "काकू, तू धंद्याचं गुपित फुकट वाटतेयस!"

"गुपित कसलं? करायला बसल्यावर कळेल त्यांना," मावशी म्हणाली.

आणि कळलं. ज्यांनी कृती वाचली त्यांतल्या कितीतरी जणींनी दोन-चार दिवसांनी मुकाट्याने अर्ध्या किलोची ऑर्डर दिली. सात-आठ जिन्नस वेगवेगळे मंद आचेवर भाजत उभं राहणं म्हणजे काय, हे वाचूनच त्यांना घाम फुटला होता. शिवाय जी बाई मेथ्यांबद्दल इतकं जीव तोडून बोलते ती भेसळ करणार नाही, असाही हिशोब असावा. कृती शोधणारे आणि विकत घेणारे वेगळे नसतात, मध्ये फक्त एक कढई असते, हे गूगलच्या साधनाने पुतण्याला सांगितलं नव्हतं.

याला आता 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात आणि त्याचाही कोर्स असतो. आपल्याकडे ते शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी समजूत होती. नांगर चांगला आहे असं ओरडून ती जाणार नव्हती. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याचं पत्रक म्हणून निघालेलं ते प्रकरण वाढत वाढत 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगराच्या मागोमाग महाराष्ट्राच्या घरात कथा, विज्ञान आणि सुधारणा शिरल्या. आजचा एखादा सल्लागार त्यांना म्हणाला असता, साहेब, लेख फार लांब होतायत, तीन सेकंदांत नांगर दाखवा.

ऑर्डरी येऊ लागल्या तशी घराची कळा बदलली. पुड्यांवर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक छापून आला, मावशी तो पाहुण्यांना दाखवते, "सरकारने दिलाय." गूगलच्या नकाशावर धंदा नोंदवायचा तर आता व्हिडिओ काढून जागा, सामान, काम दाखवावं लागतं. त्यासाठी मावशीने दिवाळीसारखं घर आवरलं, कढया चिंचेने घासल्या आणि काकांना शर्ट घालायला लावला. बघणारा माणूस आहे की यंत्र ते पुतण्यालाही नक्की माहीत नव्हतं. पण गूगलचं कुणी येतंय म्हटल्यावर पोहे भिजवलेले होते.

मग लोकांचे अभिप्राय. इंटरनेटचा सगळा कारभार पाच ताऱ्यांवर चालतो आणि मराठी माणूस पाच तारे देत नाही. पूर्ण गुण हे परमेश्वराला आणि फार तर भीमसेनांना. "अप्रतिम. असे मेतकूट आमच्या आईनंतर प्रथमच खाल्ले. डोळ्यांत पाणी आले. पिशवी साधी आहे. ३ तारे." हा खरा अभिप्राय. नातेवाईक पाच देतात, पण लिहितात, "वहिनींचा स्वभाव फार छान." आणि एकच तारा देऊन काहीही न लिहिणारा जो कुणी होता, तो तोच चुलतभाऊ असावा असं काकांचं ठाम मत आहे. त्याला मेसेज पोचला नव्हता.

पार्सल दारातून परत पाठवणारे भेटले तेव्हा मात्र मावशी खरोखर खचली. ऑर्डर द्यायची, पैसे घरी आल्यावर देतो म्हणायचं, आणि कुरिअरवाला आला की नको म्हणायचं. या धंद्यात नवीन उतरलेल्याचं कंबरडं जाहिरातीच्या खर्चाने मोडत नाही इतकं याने मोडतं, कारण जाण्या-येण्याचं भाडं विकणाऱ्याच्या गळ्यात पडतं. पुतण्या टक्केवारी मांडत होता. मावशी परत आलेली पुडी हातात घेऊन म्हणाली, "भरल्या पानावरून उठले रे." त्या दिवसापासून ती उधारीची ऑर्डर घेण्याआधी फोन करून, तब्येतीची चौकशी करून, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे ना याची खात्री करून घेते. नसेल तर तुम्हाला हे कशाला हवंय असं विचारते. पुतण्या म्हणतो, असं जगात कुणी करत नाही. पण परत येणाऱ्या पुड्या जवळजवळ थांबल्या, हेही तोच सांगतो.

दिवाळीच्या तोंडावर त्याने तक्ता समोर ठेवला. यंत्र एकदाचं शिकलं होतं. रोजचा खर्च दुप्पट केला तर ऑर्डरी दुप्पट होतील, मग चौपट, मग भाड्याचा गाळा, चार बायका हाताखाली, भाजायचं मशीन. "स्केल करूया, काकू," तो म्हणाला.

"उलथनं कोण हलवणार?"

"मशीन."

"मेथ्यांचा वास बदलला की मशीनला कळतं?"

पुतण्या पाच मिनिटं फोनमध्ये शोधत राहिला. कळतं असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही. जाहिरात बंद करायचं बटण कुठे असतं ते मावशीने त्याच्याकडून समजून घेतलं, चष्मा लावून स्वतः दाबलं आणि पेजवर लिहायला बसली. ते लिहिण्यासाठी तिने कुणाची मदत घेतली नाही. पुण्याचं माहेर असं वेळेला उपयोगी पडतं:

"मेतकूट संपले आहे. पुढचे केव्हा होईल ते सांगता येत नाही. झाल्यावर कळवू. तोपर्यंत फोन करू नये व कृती वर दिली आहे ती वाचावी."

तिच्या पेजवरच्या सगळ्या मजकुरात सर्वांत जास्त लोकांपर्यंत पोचलेला मजकूर हाच, तोही एक पैसा न भरता. खाली शे-सव्वाशे प्रतिक्रिया आहेत. पहिली अशी: "छान. किंमत?"